सीट एकच आहे, असं सांग

मत कुणाला दिलं हे माणसं सहसा सांगत नाहीत. आमच्या काउंटरवर मात्र लोक कोट काढायच्या आधीच सांगून मोकळे व्हायचे. ड्युसेलडॉर्फच्या मुख्य स्टेशनामागच्या गल्लीतल्या एका छोट्या रायझेब्युरोत, म्हणजे ट्रॅव्हल एजन्सीत, मी एकवीस वर्षं विमानाची तिकिटं काढली. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून लोकांनी लग्नं ठरवली, लग्नं मोडली, सासरची माणसं टाळायला उलटसुलट मार्गांनी प्रवास केले. पण मला सगळ्यात जास्त हसवलं ते एका निवडणुकीने. ती जर्मनीतली नव्हती आणि भारतातली तर मुळीच नव्हती.

भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचं बेट आहे. त्याचे दोन तुकडे झालेले आहेत. दक्षिणेला ग्रीक बोलणारे, उत्तरेला तुर्की बोलणारे. उत्तरेने आपण वेगळं राष्ट्र असल्याचं जाहीर केलं आणि एकटं तुर्कस्तान सोडून जगात कुणीही ते मान्य केलं नाही. तिथे संसद आहे, मंत्री आहेत, विरोधी पक्ष आहेत, सरकारं पडतातसुद्धा. फक्त आमच्या कॉम्प्युटरमधल्या देशांच्या यादीत त्याचा पत्ता नव्हता. विमानतळाला मात्र चारचौघांसारखी कोडची तीन अक्षरं होती. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून निघा, आधी तुर्कस्तानात चाकं टेकवायची आणि मग पुढे जायचं. मत द्यायचं तर यादीत नाव हवं आणि माणूस जातीने हजर हवा. त्यामुळे तिकडे सरकार डळमळलं की इकडे आमचा फोन वाजायला लागायचा.

२०१८ च्या जानेवारीत तिथे मुदतीआधीच निवडणूक लागली. आली ती नेमकी नाताळ-नववर्षाच्या गर्दीत. इस्तंबूलपर्यंत जागा मिळत होत्या, पण तिथून बेटाकडे जाणारी विमानं भराभर भरत होती. आमच्या मालकीणबाई फ्राऊ क्लाइन यांना या बेटाचं राजकारण कळत नसे आणि कळून घ्यायची इच्छाही नसे. एक दातांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, अमुक पक्षाच्या लोकांशेजारी मला बसवू नका. फ्राऊ क्लाइननी चष्म्यावरून बघितलं. "आल्झो, हेर डॉक्टर, सीटच्या नकाशावर खिडकी दिसते, पक्ष दिसत नाही." एका बाईंना खिडकी हवी होती, कारण तिकडे डोंगरावर रंगवलेला प्रचंड झेंडा विमानातून दिसतो. दुसऱ्या दिवशी त्यांचे दीर आले. त्यांना उलट्या बाजूची खिडकी हवी होती, तोच झेंडा दिसू नये म्हणून. मी दोघांनाही हव्या तशा खिडक्या दिल्या आणि त्या आठवड्यात मला माझ्या नोकरीचा फार अभिमान वाटला.

तो अभिमान हसन बेंनी उतरवला.

हसन बे म्हणजे ड्युसेलडॉर्फचे निवृत्त ट्रामचालक. ‘बे’ म्हणजे आपलं ‘राव’. त्यांच्या पत्नी नेव्हिन हानम; ‘हानम’ म्हणजे ‘बाई’. त्यांनी तीस वर्षं कपडे आल्टर करायचं दुकान चालवलं होतं. माझ्या तीन कोटांच्या बाह्या त्यांनी आखूड केल्या होत्या. बेटावरच्या गावातलं घर त्यांनी कधी मोडलं नव्हतं, म्हणून नावं पहिल्यापासून यादीत होती; निवृत्तीनंतर तर दोघं वर्षातले सहा महिने तिथेच राहायचे. मला दोघंही ‘कझम’ म्हणायचे, म्हणजे ‘माझी मुलगी’. हसन बे जन्मभर एकाच पक्षाचे. ट्राम चालवतानासुद्धा खिशाला पक्षाच्या रंगाचा रुमाल असायचा म्हणे.

डिसेंबरातल्या एका सकाळी दुकान उघडता उघडता ते आत शिरले आणि काउंटरवर वाकून कुजबुजले, "कझम, मतदानाच्या आदल्या दिवशीचं, शनिवारचं एक तिकीट. एकच. आणि नेव्हिनने विचारलं तर सांग, सीट एकच आहे."

"का पण?"

"तिची बहीण सेव्हिल उभी आहे. आमच्या विरोधात! नेव्हिन तिथे गेली, बहिणीने गळ्यात हात टाकला, की आमचं एक मत गेलंच समज."

मी स्क्रीनवर बघितलं. त्या शनिवारी इस्तंबूलहून पुढे दोन सीटा शिल्लक होत्या. आमच्या धंद्यात ‘होल्ड’ करायची सोय असते. तिकीट न काढता गिऱ्हाइकाच्या नावाने सीट धरून ठेवायची. ठरलेल्या वेळेत तिकीट निघालं नाही तर ती आपोआप सुटते. मी एक सीट हसन बेंच्या नावाने धरली. खोटं बोलेन असं म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं आपल्याला शिकवलेलंच नसतं.

दुपारी नेव्हिन हानम आल्या. डोक्याला रुमाल, थंडीने नाक लाल. त्यांनी खुर्ची अगदी पुढे ओढली.

"कझम, मला शनिवारी जायचंय. एकटीला. हसनने विचारलं तर सांगशील, सीट एकच आहे?"

मला इतकं हसू आलं की मी प्रिंटरचा कागद बघायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकले. वर आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. माझं हसू तिथेच विरलं.

"चाळीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "दर निवडणुकीला आम्ही जोडीने जातो. आदल्या दिवशी तो माझ्या पर्समध्ये चिठ्ठी ठेवतो. कुणाच्या नावापुढे खूण करायची त्याची. त्याला वाटतं तो मला मदत करतो. मी पण करून टाकायची खूण, भांडण कशाला. पण या वेळी मला माझं मत द्यायचंय. एकदा तरी."

"सेव्हिलला ना?"

"ते माझं मी बघेन. ती चिठ्ठी नको, एवढंच."

दुसरी सीट मी त्यांच्या नावाने धरली. आता हे विमान एकच, दिवस एकच, आणि कॉम्प्युटरने दोघांना शेजारशेजारच्या सीटा दिल्या होत्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवी बाईने असा मूर्खपणा करावा! दोघांना खूश करायच्या नादात मी इतकी गुंगले होते की ते दोघं नवरा-बायको आहेत आणि एका घरात राहतात, हेसुद्धा विसरले.

त्या दिवसांत माझ्या सासूबाई कराडहून आमच्याकडे आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. आमचे हे दिवसभर गिअरबॉक्सच्या कारखान्यात, मुलगा शाळेत, आणि घरी आला तरी आजीच्या प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरं देणारा. त्यामुळे त्यांना करमेना. मग त्या माझ्याबरोबर दुकानात यायला लागल्या. हीटरजवळच्या खुर्चीत बसून विणकाम करायच्या. फ्राऊ क्लाइनना त्यांची फार गंमत वाटायची. दोघी आपापल्या भाषेत तासन् तास बोलायच्या आणि दोघींचं समाधान व्हायचं.

मी गिऱ्हाइकांच्या निवडणुकीच्या गोष्टी सांगायची तेव्हा सासूबाईंचे हात थांबायचे. नोकरीत त्यांनी कितीतरी निवडणुकांची ड्युटी केली होती, मतदान केंद्राध्यक्ष म्हणून. एकदा त्यांनी मला विचारलं, "मंजू, तू शेवटचं मत कधी दिलंस गं?" मी म्हटलं, इकडे यायच्या आधी. "आणि ही माणसं समुद्र ओलांडून जातात," एवढंच म्हणून त्या परत विणायला लागल्या. मी बेटावर माणसं पोचवत होते आणि स्वतः मात्र एकदाही मतदानाला म्हणून घरी गेले नव्हते. ते मला तेव्हा लागलं आणि अजूनही लागतं.

तर, त्याच आठवड्यात शुक्रवारी होल्डची मुदत संपणार होती. गुरुवारी अकराच्या सुमाराला दार उघडलं आणि हसन बे व नेव्हिन हानम दोघं हातात हात घालून आत आले. मी घाईघाईने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

झालं होतं ते असं. घरी हसन बे साळसूदपणे म्हणाले, चल, आपण दोघं जाऊन सीटा आहेत का विचारू. त्यांना वाटलं, मी त्यांच्या बाजूची. नेव्हिन हानम त्याहून साळसूदपणे म्हणाल्या, चल की. त्यांनाही वाटलं, मी त्यांच्या बाजूची. दोघंही खरं बोलत नव्हते आणि दोघांच्याही चेहऱ्यावर साखर सांडत होती.

"कझम," हसन बे मोठ्याने म्हणाले, "शनिवारच्या किती सीटा आहेत?"

"एक," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे कृतज्ञतेने बघितलं. नेव्हिन हानमनीही. मला वाटलं आता जमीन दुभंगावी.

"अरेरे," हसन बे म्हणाले. "मग मलाच जावं लागणार. तुझे गुडघे दुखतात."

"तुझं ब्लडप्रेशर आहे," नेव्हिन हानम म्हणाल्या. "मीच जाते."

"मला पक्षाने बोलावलंय."

"मला आईच्या घराची कौलं बघायचीत."

"मतदानाच्या दिवशी? कौलं?"

घरी ते तुर्कीत बोलायचे, पण आमच्याकडे भांडताना जर्मनमध्ये भांडायचे, साक्षीदाराला समजावं म्हणून. आवाज चढले. फ्राऊ क्लाइन आतल्या खोलीतून बाहेर आल्या. सासूबाईंनी विणकाम खाली ठेवलं, उठल्या आणि माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. जर्मन त्यांना ओ की ठो येत नव्हतं. पण इंग्रजी त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं आणि स्क्रीनवरची अक्षरं त्यांना चष्म्याशिवाय दिसत होती.

"अगं मंजू, हे कशावरून भांडतायत?"

"सीट एकच आहे म्हणून," मी ओठ न हलवता म्हटलं.

"एक कशी? हे बघ की. ह-स-न." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात वाचलं. "आणि खाली ने-व्हि-न. दोघांची नावं आहेत!" मग मदत करावी म्हणून त्यांनी समोरच्या दोघांना प्रेमाने दोन बोटं दाखवली.

मराठी त्या दोघांना कळायचं कारण नव्हतं. पण स्वतःचं नाव आणि दोन बोटं कुठल्याही भाषेत कळतात.

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राऊ क्लाइन हळूच म्हणाल्या. "दोन सीटा." गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही हा त्यांचा पहिला नियम होता. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझे कान तापले.

हसन बेंनी बायकोकडे बघितलं. "तू एकटी जाणार होतीस?"

"तू पण."

"मी पक्षासाठी!"

"मी माझ्यासाठी," नेव्हिन हानम म्हणाल्या आणि तिथेच, पर्यटनाच्या पोस्टरांखाली उभं राहून त्यांनी ते सगळं सांगून टाकलं. पर्समधली चिठ्ठी, चाळीस वर्षं, सगळं. आवाज अजिबात न चढवता. हसन बेंचा चेहरा पडला. "पण मी तर तुला सोपं जावं म्हणून..." ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं हेच वाईट होतं. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. चिठ्ठी म्हणताच त्या ताठ झाल्या.

"चिठ्ठी? माझ्या केंद्रावर असे किती नवरे मी हुसकावलेत माहितीय तुला? आडोशाआड बाईच्या मागे जाऊन उभे राहायचे. म्हणायचे, बाई, तिला कळत नाही. मी म्हणायची, तिला कळत नाही तर तुम्हाला तरी कुठे कळतंय, व्हा बाहेर! सांग त्यांना."

मी सांगायच्या आधीच त्या कामाला लागल्या होत्या. क्रूझच्या माहितीपत्रकांचा पुठ्ठ्याचा उंच स्टँड त्यांनी ओढत आणला, दुसरा त्याला काटकोनात लावला आणि कोपऱ्यात मतदानाचा आडोसा तयार केला. फ्राऊ क्लाइन यावर ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी आतून बिस्किटांचा रिकामा डबा आणून दिला. सासूबाईंनी चार कागदांवर इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या: समुद्र, डोंगर, घरी बसणे. या आमच्या मतपत्रिका. टेबलामागे बसून त्यांनी फ्राऊ क्लाइनना हाक मारली, बोटाला निळ्या स्केचपेनचा ठिपका लावला आणि आडोशाकडे पाठवलं. फ्राऊ क्लाइन ठिपक्याकडे बघत लहान मुलीसारख्या हसत गेल्या.

मग नेव्हिन हानमची पाळी आली. त्या आडोशाआड गेल्या आणि हसन बेंचे पाय सवयीने मागोमाग निघाले. दोन पावलं टाकली असतील.

"ए!" सासूबाई कडाडल्या. हातात होती माझी छत्री. "बाहेर!"

बाहेर म्हणजे खरंच बाहेर. रस्त्यावर. शून्याखाली तापमान, आणि हसन बे काचेपलीकडे टोपी सावरत उभे. त्यांनी काचेला नाक लावलं. सासूबाईंनी जाऊन पडदा ओढला. आत आम्ही तिघी पोट धरून हसत होतो आणि आडोशाआडून पेन्सिलचा आवाज येत होता. खूप वेळ येत होता. तीन ओळींतून एक निवडायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. नेव्हिन हानम बाहेर आल्या त्या रडत आणि हसत. सासूबाईंनी त्यांना कागदाची घडी कशी घालायची ते दाखवलं: आधी आडवी, मग उभी, शाई दुसरीकडे उमटू नये म्हणून. त्यांनी घडी डब्यात टाकली.

हसन बेंना आत घेतलं तेव्हा ते थंडीने कुडकुडत होते, पण पक्षाचा माणूस तो पक्षाचा माणूस. "डब्याला सील नाहीये," त्यांनी हरकत घेतली. सासूबाईंनी ती मान्य केली आणि डब्याला चिकटपट्टी लावली. मग हसन बेंनीही मत दिलं, मीही दिलं. डबा उघडायला मात्र सासूबाईंनी साफ नकार दिला. मोजणी हे त्यांचं काम नव्हे म्हणाल्या.

तिकिटं दोन निघाली. नेव्हिन हानमची एकच अट होती. शेजारी बसायचं नाही. मी एकाला पुढे बसवलं आणि एकाला मागे, मध्ये अकरा रांगा. फ्राऊ क्लाइननी मला बाजूला घेऊन चांगलं झापलं आणि मग स्वतःच्या बोटावरचा ठिपका पुसायला साबण घेतला, पण पुसला नाही.

मतदान जानेवारीतल्या पहिल्या रविवारी होतं. त्या दिवशी मी घरी बसून उगाचच सारखी घड्याळाकडे बघत होते. आमच्या ह्यांनी विचारलं, तुझं कोण उभं आहे तिथे?

दहा-बारा दिवसांनी नेव्हिन हानम एकट्या आल्या. सासूबाईंसाठी कोवळ्या अक्रोडाच्या मुरंब्याची बरणी आणली होती. दोघींनी एकमेकींना मिठीच मारली.

"सेव्हिल पडली," त्या बसता बसता म्हणाल्या. "रडली, मग जेवली. ठीक आहे ती."

"आणि तुम्ही?"

"मी!" त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "या वेळी कागद हा एवढा मोठा. नवीन पद्धत. बेटभरातली माणसं, वेगवेगळ्या पक्षांतलीसुद्धा, निवडता येत होती. मी एकेक नाव वाचलं. सगळी वाचली. बाहेरून अधिकाऱ्यांनी विचारलं, बाई, बरं वाटतंय ना? मी म्हटलं, फार बरं वाटतंय. पर्समध्ये चिठ्ठी नव्हती. मी तीनदा बघितली पर्स."

मी भराभर सासूबाईंना मराठीत सांगत होते. त्या मान डोलावत होत्या.

"परत येताना," नेव्हिन हानम पुढे म्हणाल्या, "हसन अकरा रांगा ओलांडून आला. माझ्या शेजारच्या माणसाला त्याने चॉकलेट दिलं आणि जागा बदलून घेतली. मग माझ्या कानात म्हणाला, मी सेव्हिलच्या नावापुढे खूण केली."

"हसन बेंनी? पक्ष सोडून?"

"जन्मात पहिल्यांदा! मी बघतच राहिले. मी त्याचा हात हातात घेतला. तेव्हा म्हणाला, आता तू सांग, तू कुणाला दिलंस."

"मग?"

"मग काय? मी डोळे मिटले आणि झोपून गेले."

त्या इतक्या हसल्या की डोक्यावरचा रुमाल घसरला. "चाळीस वर्षं त्याला माझं मत माझ्याआधी ठाऊक असायचं, कझम. आता रोज सकाळी उठून विचार करतो. परवा त्याने मला चहा करून दिला आणि विचारलं. काल फुलं आणली आणि विचारलं. मी फुलं पाण्यात ठेवली."

"पण बहिणीलाच दिलंत ना?" मी म्हटलं. इतक्या खटाटोपानंतर मला तेवढं कळायलाच हवं होतं.

नेव्हिन हानमनी माझ्याकडे बघितलं, कोटाची बटणं लावली आणि उठल्या. "तू पण?" एवढंच त्या म्हणाल्या. मी सासूबाईंना ते सांगितलं. सासूबाईंनी उभं राहून, निवडणूक अधिकारी करतात तसा, त्यांच्याशी हात मिळवला.

आता आमचं रायझेब्युरो बंद झालं. लोक फोनवरच तिकिटं काढतात आणि सीटा किती आहेत ते कुणाला विचारावं लागत नाही. हसन बे मला अधूनमधून शनिवारच्या बाजारात भेटतात. दर वेळी पिशवी खाली ठेवून, इकडे तिकडे बघून विचारतात, "कझम, तुला तरी तिने सांगितलं असेल?" मी सांगते, नाही हो, मला खरंच माहीत नाही. त्यांच्याशी इतक्या वर्षांत मी इतकं खरं कधी बोलले नसेन, आणि त्यांचा त्यावर जराही विश्वास बसत नाही.